बाजारात बरोबर, फळ्यावर चूक

हा लेख वाचण्यापूर्वी एक कोडे सोडवा. कागद-पेन्सिल घ्या, उत्तर लिहून ठेवा आणि मगच पुढे चला. उत्तर चुकले तरी संकोच वाटू देऊ नका. हे कोडे भल्याभल्यांचे चुकते आणि ते का चुकते, हाच आपला आजचा विषय आहे.

टेबलावर चार कार्डे मांडली आहेत. प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला संख्या लिहिलेली आहे. तुम्हाला फक्त वरच्या बाजू दिसतात. त्या अशा: क, ग, ४ आणि ७. आता कोणी एक नियम सांगितला, की ज्या कार्डाच्या एका बाजूला 'क' असेल, त्याच्या दुसऱ्या बाजूला सम संख्या असलीच पाहिजे. हा नियम पाळला गेला आहे किंवा नाही हे पडताळायचे, तर कमीत कमी कोणती कार्डे उलटून पाहावी लागतील?

लिहिलेत? आता दुसरे कोडे. खोपोलीच्या रस्त्यावर एक वाहतूक पोलीस उभा आहे. मोटरसायकल चालवणाऱ्याचे वय १८ वर्षे पूर्ण असले पाहिजे, हा नियम त्याला पडताळायचा आहे. त्याच्यापुढे चार जणांची चार कार्डे आहेत. कार्डाच्या एका बाजूला तो माणूस काय करत होता ते लिहिले आहे, दुसऱ्या बाजूला त्याचे वय. वरच्या बाजू अशा: 'मोटरसायकल चालवत होता', 'पायी चालला होता', 'वय २५' आणि 'वय १५'. पोलिसाने कोणती कार्डे उलटावीत?

दुसऱ्या कोड्याला तुम्हाला फारसा वेळ लागला नसेल. मोटरसायकल चालवणाऱ्याचे वय पाहायचे आणि पंधरा वर्षांचा मुलगा काय करत होता ते पाहायचे. पायी चालणारा कितीही वर्षांचा असो, पोलिसाला त्याच्याशी कर्तव्य नाही. पंचवीस वर्षांचा गृहस्थ मोटरसायकलवर असो वा पायी, नियम मोडत नाही. म्हणजे पहिले आणि शेवटचे कार्ड.

मग पहिल्या कोड्याचे उत्तर काय? तेच! पहिले आणि शेवटचे, म्हणजे 'क' आणि '७'. बहुतेकांनी 'क' आणि '४' असे लिहिले असेल, किंवा नुसते 'क'. पण '४'च्या मागे 'ग' निघाला तरी काही बिघडत नाही, कारण 'ग'च्या मागे काय असावे याविषयी नियम काहीच बोलत नाही. उलट '७'च्या मागे 'क' निघाला, तर नियम मोडला. दोन्ही कोडी नीट शेजारी ठेवून पाहा. सांगाडा एकच आहे, फक्त अंगावरचे कपडे बदलले आहेत.

कार्डांचे हे कोडे पीटर वेसन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडले. पुढे १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स या दोघांनी अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ते दोन्ही प्रकारे घातले. त्यांचे दुसरे कोडे दारू पिण्याच्या वयाविषयीचे होते. अक्षरे आणि आकडे असलेले कोडे एकालाही सुटले नाही. वयाचे कोडे मात्र चारांतल्या जवळजवळ तिघांनी अचूक सोडवले. माणसे तीच होती, डोकी तीच होती. मग हे विद्यार्थी हुशार म्हणायचे की ढ?

हा प्रश्न मनात ठेवा आणि खोपोलीच्या त्या रस्त्यावरून जरा आजूबाजूला चला. रायगड जिल्ह्याचा हा खालापूर तालुका. कुंभिवली हे याच तालुक्यातले एक गाव. खालापूर आणि शेजारच्या कर्जत तालुक्यात गावांच्या कडेला, डोंगरांच्या पायथ्याशी ठाकरवाड्या आणि कातकरवाड्या आहेत. मृगाचा पाऊस पडला की रानात शेवळे वर येतात. मागोमाग भारंगी, टाकळा, कुर्डू, कंटोळी. बाया पहाटे रानात जाऊन भाजी खुडतात, जुड्या बांधतात आणि खोपोली, कर्जत, पनवेलच्या बाजारात टोपली पुढे घेऊन बसतात. शेवळांची खाज मारायला लागणारी काकडेही त्याच टोपलीत असतात, म्हणजे गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायला नको. आईच्या शेजारी पुष्कळदा शाळेत जाण्याच्या वयाची मुलगीही बसलेली दिसते.

अशी एक मुलगी आपण मनाशी आणू. समजा, ती कुंभिवलीच्या बाजूची आहे आणि सहावीत शिकते. आई जरा उठून गेली आहे आणि गिऱ्हाईक आले आहे.

"जुडी कशी दिलीस गं?"

"पंधराला एक, मावशी."

"सात दे. हे घे दोनशे."

मुलगी जुड्या उचलता उचलता पुटपुटते. दोन जुड्यांचे तीस, चारांचे साठ, सहांचे नव्वद, वर एक, एकशे पाच. मग सुटे परत करते. पाचाचे नाणे ठेवून म्हणते एकशे दहा, दहाच्या चार नोटा ठेवून म्हणते दीडशे, आणि पन्नासची एक नोट ठेवून म्हणते दोनशे. पंच्याण्णव रुपये परत गेले, आणि वजाबाकी कुठे केलीच नाही!

दुसऱ्या दिवशी हीच मुलगी शाळेत फळ्यापुढे उभी आहे. फळ्यावर लिहिले आहे १५ × ७. ती खडू घेते. पाच साते पस्तीस, ते लिहिले. सात एके सात, तेही शेजारी लिहिले. उत्तर आले ७३५. वर्गात कोणीतरी खुदकन हसते. ती खाली मान घालून जागेवर जाऊन बसते.

ही मुलगी मी रचलेली आहे. पण असे खरोखर घडते का? हा प्रश्न ब्राझील देशातील तिघा मानसशास्त्रज्ञांना पडला होता. त्यांची नावे तेरेझिन्या काराहेर, डेव्हिड काराहेर आणि आनालूसिया श्लीमान. रेसिफे हे त्यांचे शहर समुद्रकाठचे. तिथे मुले रस्त्याच्या कोपऱ्यावर आणि बाजारात आईबापांबरोबर नारळ, कलिंगडे, मक्याची कणसे विकत. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले. ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांकडून त्यांनी माल घेतला आणि घेता घेता हिशेब विचारले, 'इतक्याचे किती? मी एवढे दिले तर परत किती?' एकूण ६३ प्रश्न झाले. शंभरात अठ्ठ्याण्णव उत्तरे बरोबर आली.

नंतर काही दिवसांत याच मुलांना कागद-पेन्सिल देऊन तेच आकडे पुन्हा घातले. शाब्दिक उदाहरणांच्या रूपात घातले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण शंभरात सुमारे चौऱ्याहत्तरवर आले. नुसती आकडेमोड घातली, तेव्हा ते सदतिसावर उतरले.

यातल्या बारा वर्षांच्या एका मुलाची हकीगत मला फार बोलकी वाटते. त्याचा एक नारळ ३५ क्रुझेरोंना होता. क्रुझेरो हे तेव्हाचे ब्राझीलचे चलन. चार नारळ मागितले, तेव्हा त्याने तिनांचे एकशे पाच धरले, त्यात आधी तीस मिळवले, मग उरलेले पाच, आणि एकशे चाळीस सांगितले. पुढे कागदावर त्याला ३५ × ४ हाच गुणाकार दिला. तो म्हणाला, चार पंचे वीस, शून्य लिहिले, हातचे दोन. दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. आणि त्याने २०० लिहिले! हातचा आधी मिळवायचा की नंतर, एवढीच गफलत. पण गंमत अशी, की बाजारात चार नारळांचे दोनशे त्याने कोणाला कधी सांगितले नसते, आणि सांगितले असते तर गिऱ्हाइकाने ऐकून घेतले नसते. कागदावरच्या ३५ ला मात्र नारळाचा वास नव्हता. चूक त्याला खुपली नाही.

शिक्षकांनी इथे क्षणभर थांबावे, अशी माझी विनंती आहे. या मुलाची फक्त उत्तरपत्रिका आपल्या हाती आली असती, तर आपण काय म्हटले असते? मुलगा ढ आहे. आणि ढ कशावरून? तर गणित येत नाही यावरून. गणित का येत नाही? तर ढ आहे म्हणून! घाण्याच्या बैलासारखे आपण गोल फिरून होतो त्याच जागी येतो. नाव ठेवणे म्हणजे कारण सांगणे नव्हे. दगड खाली का पडतो, याचे उत्तर 'त्याला पडण्याचा स्वभाव आहे म्हणून' असे दिले, तर विज्ञानाचे शिक्षक आपल्याला वर्गाबाहेर उभे करतील. माणसाच्या वागण्याविषयी मात्र 'आळशी आहे', 'हट्टी आहे', 'डोके नाही' ही उत्तरे आपण दिवसभर देत असतो.

मग खरे कारण काय? आपल्याला असे वाटते, की एका ठिकाणी शिकलेले ज्ञान डोक्यातल्या एका मोठ्या कोठारात जाऊन पडते आणि हवे तेव्हा, हवे तिथे काढता येते. एके काळी तर शिक्षणतज्ज्ञांचा असा समज होता, की भूमिती किंवा लॅटिनसारखे अवघड विषय शिकले की तालमीत दंड भरावेत तशी बुद्धीच बळकट होते आणि मग ती कुठल्याही कामाला चालते. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९०१ मध्ये प्रयोग करून या समजुतीला धक्का दिला. एका प्रकारच्या आकृतींचे क्षेत्रफळ अंदाजाने सांगण्याचा भरपूर सराव दिला, तरी वेगळ्या आकाराच्या किंवा मापाच्या आकृती आल्या की माणसे पुन्हा चाचपडू लागत. एका जागचे शिकणे दुसऱ्या जागी उपयोगी पडणे याला अध्ययन-संक्रमण म्हणतात. डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या शिक्षकांना हा शब्द ओळखीचा असेल. हे संक्रमण आपण समजतो तितके सहजासहजी होत नाही. शिकलेली गोष्ट ज्या जागी, ज्या शब्दांत आणि ज्या कामासाठी शिकली, त्यांना ती चिकटून राहते.

आणखी एक अडचण आहे. मनात एका वेळी अगदी थोड्याच गोष्टी धरून ठेवता येतात. फळ्यापुढच्या मुलीचे सगळे लक्ष हातचे कुठे लिहायचे, आकडा कुणाच्या खाली मांडायचा यातच खर्च होते. उत्तर सातशेच्या घरात कसे गेले, हे पाहायला लक्ष शिल्लकच राहत नाही. बाजारात तिला पायऱ्या आठवाव्या लागत नाहीत. तीस, साठ, नव्वद हे मुक्कामही ओळखीचे असतात.

यावरून कोणी असे म्हणेल, की चला, मग शाळा हवीच कशाला, बाजारच बरा! तेही खरे नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्ली येथील मुलांवर केलेले मोठे संशोधन २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बाजारात काम करणारी मुले गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी पुरे करत, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेली साधी गणिते त्यांना अडत. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी रेसिफेत दिसले तेच. पण त्यांनी उलट बाजूही तपासली. बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांना वहीतली गणिते येत होती, आणि बाजारातला हिशेब समोर आला की ती अडखळत! ओझे दोन्ही काठांवर सारखेच, आणि मध्ये पूल नाही. बाजारातल्या मुलीला बीजगणित, व्याज, नकाशाचे प्रमाण हे सारे पुढे शिकायचे असेल, तर पंधराच्या जुड्या जोडत बसून चालणार नाही. तिला वहीची वाट यायलाच हवी.

आपल्याकडे मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी धारावीतील शाळकरी मुलांच्या शाळेबाहेरच्या गणिताचा अभ्यास केला आहे. घरोघरी चालणाऱ्या लहान उद्योगांमुळे तिथल्या मुलांचा पैशांशी, मापांशी आणि मोजदादीशी रोजचा संबंध असतो. हे भांडवल वर्गात येते, पण पुष्कळदा पिशवीतच राहते. ते कोणी विचारत नाही.

न विचारण्याचे एक कारण असे, की मूल गप्प बसते. ते का गप्प बसते? इथे आपण शिकण्याकडून प्रेरणेकडे येतो. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोघींनी २००३ मध्ये उत्तर प्रदेशातील खेड्यांत एक प्रयोग केला. सहावी-सातवीतल्या मुलग्यांना त्यांनी भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. कागदावरच्या चक्रव्यूहातून वाट काढायची आणि जितकी कोडी सुटतील तितके पैसे मिळवायचे. गटात निम्मे मुलगे तथाकथित वरच्या जातींचे आणि निम्मे दलित होते. जातीचा उच्चार न करता कोडी दिली, तेव्हा दोघांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. मग दुसऱ्या काही गटांत कोडी देण्याआधी प्रत्येकाचे नाव, गाव, वडिलांचे नाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली. बाकी सारे तसेच ठेवले. या गटांत दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या लक्षणीय घटली. दोन वाक्ये मोठ्याने वाचल्याने कोणाची बुद्धी कमी होत नाही. पण 'आपण कितीही केले तरी इथे आपल्याला न्याय मिळेल का', ही शंका मनात शिरली की हात आखडतो. फळ्यापुढच्या त्या मुलीला ऐकू आलेले खुदकन हसू तुम्ही विसरला नसालच.

'ही मुले शाळेत येतच नाहीत, त्यांना गोडीच नाही', असेही म्हटले जाते. यावर आपल्याकडे झालेला सर्वांत सुंदर प्रयोग कुठल्या प्रयोगशाळेत झाला नाही, तो ठाणे जिल्ह्यात डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर झाला. आता तो भाग पालघर जिल्ह्यात येतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५० नंतरच्या दशकात हे काम कोसबाडला वारली आदिवासींमध्ये गेले. शाळा उघडली, पण मोठी मुले येईनात. ताराबाईंनी मुलांना नावे ठेवली नाहीत. ही मुले दिवसभर करतात तरी काय, ते त्यांनी पाहिले. मुले गुरे राखत होती आणि धाकट्या भावंडांना सांभाळत होती. आईबाप मजुरीला गेल्यावर ते काम दुसरे कोण करणार? मग मुले कुरणात जातात, तर शाळाही कुरणात जाऊ दे, असे ठरले. गुरे चरत आहेत आणि शेजारी झाडाखाली शिकणे चालू आहे, अशी ती कुरणशाळा. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर आणि बालवाडी. माँटेसरीबाईंची महागडी साधने परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शंखशिंपले, खडे, बिया, पाने आली. गोडी नाही असे ज्यांच्याविषयी म्हटले जाई, ती मुले शिकू लागली. मुले बदलली नव्हती. बदलला होता तो शाळेचा पत्ता आणि वेळ.

हा प्रश्न आजही संपलेला नाही. दिवाळीनंतर कर्जत-खालापूरच्या वाड्यांतली कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडाशी परत येतात. म्हणजे शाळेचे निम्मे वर्ष गेलेच. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने १९९० नंतरच्या दशकात भट्ट्यांवरच शाळा भरवल्या. मजुरांच्या तिथल्या तात्पुरत्या झोपड्यांना भोंगा म्हणतात, त्यावरून त्यांचे नाव पडले भोंगाशाळा. जात्याच 'गळणारे' म्हणून ज्यांची नोंद व्हायची, त्यांच्यापर्यंत शाळा चालत गेली.

पण टेकडीवरून पुन्हा फळ्याकडे येऊ, कारण पूल अजून बांधायचा राहिला आहे. आपल्या शेवळेवालीने १५ चे सात कसे केले होते? दोनांचे तीस, पुन्हा दोनांचे तीस, पुन्हा दोनांचे तीस, वर एकाचे पंधरा. आता हे फळ्यावर लिहा:

१५ × ७ = (१५ × २) + (१५ × २) + (१५ × २) + १५

ओळखीचे वाटते? गणिताच्या पुस्तकात याला वितरणाचा नियम म्हणतात. ती तो रोज वापरते. फक्त त्याचे नाव आणि लिहायची रीत तिला कोणी सांगितली नाही. तिने सांगावे आणि शिक्षकांनी फळ्यावर उतरवावे. मग शेजारी हातच्याची नेहमीची रीत मांडावी. तिथेही १५ चे १० आणि ५ असे तुकडेच केलेले असतात, हे दाखवावे. ७३५ तिचे तिलाच खुपेल. सात जुड्यांना सातशे पस्तीस? मावशी टोपलीच उलटी करतील!

आता तुमच्यासाठी काम. बारा गणिते तयार करा. त्यांतली सहा नुसत्या आकड्यांची, आणि सहा त्याच आकड्यांची पण दुकान, एस.टी.चे तिकीट, दूध, भाजी अशा व्यवहारांची. वर्गातल्या दहा मित्रमैत्रिणींना गाठा. एकेकट्याला गाठा, सर्वांसमोर नको. पाच जणांना आधी आकड्यांची आणि दोन दिवसांनी व्यवहाराची गणिते घाला. उरलेल्या पाचांना उलट क्रमाने घाला, म्हणजे सरावामुळे पडणारा फरक दोन्हीकडे सारखा वाटला जाईल. व्यवहाराची गणिते तोंडी विचारा, चिल्लर आणि कागदी नोटा हातात देऊन. प्रत्येक उत्तरापुढे बरोबर की चूक एवढेच लिहू नका. 'कसे काढलेस?' असे विचारा आणि तो जे सांगेल ते शब्दशः टिपून घ्या. ही नोंदच सर्वांत मोलाची. कोणाचेही गुण वर्गात वाचून दाखवू नका. का, ते तुम्हाला माहीत आहे.

दहाच मुलांवरून मोठे निष्कर्ष काढता येणार नाहीत हे ध्यानात ठेवा. दुसऱ्या तुकडीतल्या किंवा शेजारच्या गावातल्या शाळेने तेच करून पाहिले, तर दोन्ही वह्या शेजारी ठेवता येतील. आणि घरी गेल्यावर सुरुवातीचे 'क, ग, ४, ७' हे कोडे आई-वडिलांना किंवा आजोबांना घाला. चुकले तर उत्तर सांगू नका. त्यांच्या कामाचा एखादा नियम घेऊन, शेतीचा, दुकानाचा, कारखान्यातल्या पाळीचा, तेच कोडे नव्याने तयार करा आणि पुन्हा विचारा.